स्वतःच्या पाठीचा फोटो फोनवर स्वतःच काढायचा, तोही मागे वळून न बघता

उजव्या फऱ्याच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या) खाली कुठेतरी खाज सुटते, बोटाला बारीकसा उंचवटा लागतो आणि तो दिसायला कसा आहे ते काही केल्या कळत नाही. घरात दुसरं कुणी असेल तर प्रश्नच नाही. नसेल, किंवा कुणाला दाखवायचा संकोच वाटत असेल, तर आपण फोन खांद्यावरून मागे नेतो, मान मुरगाळतो आणि अंदाजाने बटण दाबतो. हाती लागतो अर्ध्या दंडाचा हललेला फोटो.

माझ्या पाठीवर तीळ बरेच आहेत, त्यामुळे मी काही वर्षं पाठीचे फोटो नियमाने काढून ठेवतो. सुरुवातीच्या फोटोंमध्ये माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं वर दिसायचा. कणा वाकला की काय, या काळजीत मी पंधरा दिवस काढले. मग एकदा टायमर लावला, समोरच्या भिंतीकडे बघत गप्प उभा राहिलो, आणि दोन्ही खांदे एका रेषेत आले. आधीच्या प्रत्येक फोटोत मी फोनकडे बघायला वळलो होतो, त्या वळण्यानेच खांदा वर गेला होता.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून चालतो. बघायला वळलं की पाठ बदलते. एक फरा बाहेर येतो, दुसरा आत जातो, एका बाजूची कातडी ताणते, दुसऱ्या बाजूला वळ्या पडतात, ताणलेल्या कातडीवरचा गोल तीळ लांबट दिसतो. म्हणून खाली सांगितलेली सगळी खटपट, फोन ठेवण्यापासून खुर्चीपर्यंत, एवढ्याचसाठी आहे की फोटो निघण्याच्या क्षणी तुम्हाला मागे बघावं लागू नये.

आधी ठरवा, फोटो कशासाठी

पाठीची ठेवण बघायची असेल (खांदे, फरे, कंबर, व्यायामाने झालेला फरक) तर मानेपासून कमरेच्या खालपर्यंत सगळी पाठ चौकटीत हवी आणि उजेड एका बाजूने हवा. कातडी बघायची असेल (तीळ, पुरळ, चट्टा) तर उजेड पाठीच्या समोरून आणि मऊ हवा. एकच जागा डॉक्टरांना दाखवायची असेल तर दोन फोटो लागतात, एक सगळ्या पाठीचा आणि एक जवळून. नुसता जवळचा फोटो पाठवला तर ती जागा पाठीवर नेमकी कुठे आहे, ते बघणाऱ्याला कळत नाही.

फोनमध्ये काय बदलायचं

मागचा कॅमेरा वापरा. बहुतेक फोनमध्ये तो पुढच्यापेक्षा चांगला असतो, आणि पुढच्या कॅमेऱ्यात चेहरा गुळगुळीत करणारी सोय पुष्कळदा आधीपासून चालू असते. ती सोय पाठीवरचा बारीक पुरळही पुसून टाकू शकते. ब्यूटी, फिल्टर, पोर्ट्रेट, सगळं बंद करा. फ्लॅशही बंद, कारण फ्लॅशने कातडी चमकते आणि लाली फिकट पडते.

झूम एकपटीच्या खाली नेऊ नका. अर्ध्या पटीची रुंद लेन्स छोट्या खोलीत मोहात पाडते, पण ती कडेच्या गोष्टी ताणून दाखवते. दोनपट झूम असेल तर उत्तम, फक्त फोन तेवढा लांब ठेवायचा. कॅमेऱ्यात आडव्या-उभ्या रेषांची जाळी चालू करा, फोन सरळ उभा आहे का ते तिच्यावरून लगेच कळतं. आणि लेन्स स्वच्छ सुती कपड्याने पुसा. खिशात घासलेल्या लेन्सवर बोटांचा तेलकट थर असतो, त्याने सगळा फोटो धुकट होतो.

फोन कुठे ठेवायचा

ट्रायपॉड असला तर छान, नसला तरी अडत नाही. कपाटाचा कप्पा किंवा स्टुलावर रचलेली पुस्तकं पुरतात. फोन टेकवायला मागे जड वस्तू ठेवा आणि पुढे घसरू नये म्हणून खाली घडी घातलेला रुमाल.

उंची महत्त्वाची. फऱ्यांची खालची टोकं जिथे येतात, साधारण त्याच पातळीला लेन्स यायला हवी. फोन जमिनीजवळ ठेवून वर तिरका केला तर कंबर रुंद आणि खांदे अरुंद दिसतात, वरून खाली झुकवला तर उलट. हाच फोन पुढच्या महिन्यात दुसऱ्या उंचीवर ठेवला, तर न झालेला बदल झालेला दिसेल. म्हणून उंची एकदा मोजून लिहून ठेवा.

अंतर दीड ते दोन मीटर ठेवा. यापेक्षा जवळ गेलात की पाठीचा जो भाग लेन्सजवळ, तो फुगीर दिसायला लागतो. फोटोत मागे दिसणारी, म्हणजे तुमच्यापुढची भिंत मोकळी हवी. भिंत पांढरीशुभ्र असली तर फोन सगळं दृश्य आवरायला बघतो आणि त्यात कातडी काळवंडते. सावळ्या किंवा गडद रंगाच्या पाठीला हा फरक जास्त जाणवतो. मधल्या रंगाचा पडदा किंवा चादर लावली की काम होतं.

खुर्चीची युक्ती

सगळ्यात जास्त फोटो फुकट जातात ते फोकसमुळे. आपण फोन लावतो तेव्हा चौकटीत माणूसच नसतो, त्यामुळे फोन मागच्या भिंतीवर फोकस धरतो. आपण धावत जाऊन उभे राहतो आणि भिंत स्पष्ट, पाठ पुसट.

जिथे उभं राहायचं तिथे पाठ असलेली खुर्ची ठेवा. तिच्या पाठीवर चौकड्यांचा किंवा छापाचा शर्ट टाका. एकरंगी टॉवेल नको, कारण फोनला फोकस धरायला रेघा, कडा, रंगांचा फरक लागतो. खुर्ची बुटकी असेल तर तिच्यावर उशी उभी करून शर्ट तिला घाला. आता फोनवर त्या शर्टावर बोट दाबून धरा. आयफोनवर आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर असं धरल्यावर फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात, कुलपाचं चिन्ह किंवा तशी सूचना पडद्यावर येते.

मग खुर्चीच्या पाठीच्या रेषेत जमिनीवर चिकटपट्टीचा तुकडा लावा, खुर्ची बाजूला करा आणि टाचा त्या पट्टीवर ठेवून उभे राहा. फोन ठेवलेल्या जागीही एक पट्टी लावा. या दोन पट्ट्या तशाच राहू दिल्या तर पुढच्या वेळची निम्मी तयारी झालेलीच असते.

एक अडचण येते. शर्ट पांढरा आणि पाठ सावळी असेल तर उजेडाचं कुलूप शर्टाच्या रंगावर लागतं आणि पाठ काळी येते. आपल्या कातडीच्या जवळपासच्या गडदपणाचा शर्ट निवडा, किंवा पहिला फोटो बघून पडद्यावरची उजेड कमी-जास्त करायची खूण थोडी वर सरकवा.

उजेड

दिवसा, खिडकीजवळ, पण थेट ऊन अंगावर न घेता. कातडीसाठी फोटो असेल तर पाठ खिडकीकडे करा आणि फोन खिडकी व तुमच्यामध्ये ठेवा. फोन बारीक असतो, त्याची सावली पाठीवर पडत नाही. ठेवण किंवा स्नायू बघायचे असतील तर खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असे उभे राहा. बाजूने आलेल्या उजेडात कण्याची घळ, फऱ्यांच्या कडा, कमरेचे खळगे उठून दिसतात. पण मग दर वेळी खिडकी त्याच बाजूला हवी. बाजू बदलली की सावल्या बदलतात आणि एक फरा जास्त बाहेर आल्याचा भास होतो.

पिवळा दिवा आणि खिडकीचा उजेड एकत्र करू नका. फोन दोन्हींच्या मधला कुठलातरी रंग धरतो आणि लाली आहे की नाही हेच ठरवता येत नाही.

उभं कसं राहायचं

घट्ट कपडे काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा. पट्ट्यांचे आणि इलॅस्टिकचे वळ तोवर बरेच उतरतात. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर लगेच काढू नका, सगळी पाठच लाल असते. तेल, क्रीम, घाम टिपून घ्या. केस मानेवरून वर बांधा, मानगुटीचा भाग आपण नेहमी विसरतो.

पट्टीवर दोन्ही पायांवर सारखा भार. हात सैल, बाजूला. नजर समोर भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर, हनुवटी जमिनीला समांतर. एक श्वास घ्या, सोडा, आणि सोडलेल्या श्वासावर फोटो निघू द्या. पोट आत ओढू नका, खांदे मागे खेचू नका. फोटो आपल्या रोजच्या पाठीचा हवा आहे.

बटण कोण दाबणार

सगळ्यात सोपा उपाय टायमर. तीन सेकंदांचा उपयोगी नाही, दहाचा लावा. सहा-सात सेकंदांत जागेवर पोचा म्हणजे सावरायला वेळ राहतो. दर फोटोला फोनपर्यंत येरझारा घालाव्या लागतात, तेवढी एक कटकट.

ती टाळायची असेल तर ब्लूटूथ रिमोट घ्या. मुठीत मावतो, आणि फोनच्या दृष्टीने तो नुसतं आवाजाचं बटण असतो, त्यामुळे बहुतेक फोनशी जुळतो. वायरचे इअरफोन असतील आणि त्यावर आवाज कमी-जास्त करायचं बटण असेल, तर कॅमेरा उघडा असताना त्याने अनेक फोनवर फोटो निघतो. मात्र वायर दोन मीटर पुरत नाही, जवळच्या फोटोलाच ती कामाची. अ‍ॅपल वॉचमध्ये कॅमेरा रिमोट आहे. त्याचा मोठा फायदा म्हणजे फोनला दिसणारं दृश्य मनगटावर दिसतं, म्हणजे वळायचं कारणच उरत नाही. फक्त घड्याळ बघायला वर केलेला हात फोटोआधी खाली घ्या, त्यात तीन सेकंदांचा टायमर असतो तो त्यासाठीच. सॅमसंगच्या फोनमध्ये आवाजावर फोटो काढायची सोय चालू केली की ‘चीज’ किंवा ‘शूट’ म्हटल्यावर फोटो निघतो.

यातलं काहीच नसेल तर व्हिडिओ. मी स्वतः अजूनही बऱ्याचदा हेच करतो. रेकॉर्डिंग चालू करा, जाऊन उभे राहा, पाच सेकंद स्थिर, मग दोन्ही हात थोडे वर, पाच सेकंद, मग कमरेतून पुढे वाका, पाच सेकंद. नंतर त्यातलं हवं ते चित्र वेगळं काढा. गूगल फोटोज आणि इतर काही अ‍ॅपमध्ये व्हिडिओतलं एक चित्र फोटो म्हणून साठवता येतं. पडद्याचा स्क्रीनशॉट घेऊ नका, त्यात बारकावे हरवतात. व्हिडिओ ४के ठेवा. ४केचं एक चित्र ३८४० × २१६० पिक्सेलचं, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेलचं असतं, फुल एचडीचं १९२० × १०८०, म्हणजे जेमतेम २१ लाखांचं.

आरसा वापरायचा असेल तर

आरशाचा एक प्रकार खरोखर चांगला आहे. मोठ्या आरशाकडे पाठ करा. फोन चेहऱ्यासमोर, थोडा बाजूला, पडदा आपल्याकडे, आणि पुढचा कॅमेरा चालू. कॅमेरा तुमच्या खांद्यावरून मागच्या आरशात बघतो आणि तुम्हाला स्वतःची पाठ समोरच्या पडद्यावर दिसते. मान वळवावी लागत नाही. फोन धरलेला हात वर असल्याने त्या बाजूचा खांदा उचलला जातो, म्हणून ठेवण बघायला हा प्रकार चालत नाही. पुरळ कुठवर पसरलाय हे पटकन बघायला मात्र चांगला.

यात डाव्या-उजव्याचा गोंधळ होतो. सरळ मागून काढलेल्या फोटोत तुमची डावी बाजू फोटोतही डावीकडेच असते. आरशातून काढलेल्या फोटोत ती उजवीकडे जाते. त्यात पुढचा कॅमेरा पडद्यावर चित्र उलटून दाखवतो, आणि साठवताना कधी तसंच ठेवतो, कधी पुन्हा सुलट करतो, हे फोनच्या सेटिंगवर ठरतं. हे सगळं लक्षात ठेवत बसण्यापेक्षा डाव्या खांद्यावर कागदी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा आणि फोटो काढा. पट्टी दिसेल ती बाजू डावी.

एकच तीळ, जवळून

सगळी पाठ आलेल्या फोटोतच मोठं करून बघितलं तर चालणार नाही का? थोडा हिशेब करू. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू साधारण ४००० पिक्सेल. तिच्यात ६० सेंटिमीटर पाठ बसली तर एका मिलिमीटरला साडेसहाच्या आसपास पिक्सेल येतात, म्हणजे ६ मिलिमीटरच्या तिळाला जेमतेम ४०. तीळ आहे हे कळतं, पण त्याची कड कशी आहे ते धड कळत नाही. तोच फोटो १५ सेंटिमीटरच्या भागाचा काढला तर त्याच तिळाला १६० पिक्सेल मिळतात. म्हणून जवळून.

पण फार जवळून नको. बऱ्याच फोनचा मुख्य कॅमेरा वीतभर अंतराच्या आत फोकस धरत नाही. फोन अंगाला चिकटवण्यापेक्षा दोन वीत लांब धरा आणि दोनपट झूम करा.

आधी तीळ बोटाने शोधा. फुलीसारखी खूण त्याच्यावर करू नका, त्याच्या शेजारी कागदी चिकटपट्टी लावा, जिच्यावर आधीच पट्टीने मोजून दर ५ मिलिमीटरला पेनाने रेघ मारलेली आहे. तिने जागाही सापडते आणि मापही मिळतं. पट्टी तिळापासून बोटभर दूर असू द्या, कारण काढताना आजूबाजूची कातडी लाल होते.

फोन स्टुलावर ठेवा, खुर्चीची युक्ती इथेही वापरा, फक्त अंतर कमी. मग व्हिडिओ चालू करून अगदी हळू, एकेक इंच मागेपुढे सरका. कुठल्यातरी क्षणी फोकस नेमका बसतो, तेवढं चित्र काढून घ्यायचं. दोन फऱ्यांच्या मधल्या भागात बऱ्याच जणांचा हात ना वरून पोचतो ना खालून. तिथे पट्टीचा हट्ट सोडा, फोन थोडा जवळ आणून तेवढ्या भागाचा फोटो काढा आणि मापासाठी जवळच्या, हात पोचेल अशा जागी पट्टी लावा.

फोटोत काय बघायचं

तिळाच्या बाबतीत पाच गोष्टी बघतात: त्याचे दोन अर्धे एकसारखे आहेत का, कड वेडीवाकडी किंवा पुसट आहे का, रंग एकच आहे की त्यात काळा, तपकिरी, लाल असे ठिपके आहेत, तो ६ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पेन्सिलीच्या मागच्या खोडरबरापेक्षा मोठा आहे का, आणि तो बदलतोय का. यातली पाचवी गोष्ट फोटोशिवाय कळणं फार अवघड, कारण पाठीवरच्या तिळाची आठवण आपल्याला नसतेच. शिवाय सगळ्या पाठीच्या फोटोत बाकीच्यांच्या कळपात न बसणारा तीळ शोधा. एकटाच गडद, एकटाच मोठा, एकटाच वेगळ्या रंगाचा. बहुतेक तीळ निरुपद्रवी असतात, पण असा वेगळा दिसला, बदलला किंवा त्यातून रक्त आलं, तर फोटो जुळवत महिने घालवू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. फोटोवरून निदान होत नाही, तपासायची गरज आहे एवढंच कळतं.

एका बाजूलाच, कण्यापासून पोटाकडे पट्ट्यासारखे वळत जाणारे पाण्याचे फोड दिसले आणि तिथे आग होत असेल किंवा ठणकत असेल, तर ती नागीण असू शकते. तिची औषधं पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केली तर जास्त उपयोगी पडतात. तेव्हा बरा फोटो काढण्यात दिवस घालवू नका. जसा निघेल तसा काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

गडद कातडीवर सूज किंवा पुरळ लाल दिसेलच असं नाही, जांभळट किंवा तपकिरी दिसतो. म्हणून फोटोत शेजारची निरोगी कातडीही येऊ द्या.

ठेवणीच्या फोटोत खांद्यांची उंची, फऱ्यांची खालची टोकं, आणि हात व कंबर यांच्यामधल्या दोन मोकळ्या जागा सारख्या आहेत का ते बघा. पुढे वाकलेल्या चित्रात एका बाजूच्या बरगड्या उंच दिसल्या तर ते डॉक्टरांना दाखवण्यासारखं आहे. कण्याचा बाक किती, ते एक्स-रेवरच मोजतात.

पाठवताना आणि ठेवताना

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर तो दाबून लहान होतो. एचडी निवडा, किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या मूळ फाइलसोबत फोटो कुठे काढला ती जागाही जाऊ शकते, म्हणून कॅमेऱ्याचं लोकेशन आधी बंद ठेवा. चौकटीत आरसा, घरातलं कुणी, टेबलावरची कागदपत्रं आलीत का तेही बघा.

बॅकअप चालू असेल तर उघड्या पाठीचा फोटो आपोआप क्लाउडवर जातो आणि घरच्यांच्या सामायिक टॅबलेटवर किंवा टीव्हीवर आठवणींमध्ये अचानक झळकतो. आधीच सोय करा. गूगल फोटोजमध्ये लॉक्ड फोल्डर आहे. आयफोनवरचा हिडन अल्बम आयओएस १६ पासून चेहरा, बोट किंवा पासकोडशिवाय उघडत नाही. नको असलेले फोटो पुसल्यावर कचऱ्याच्या फोल्डरमधूनही काढा. आयफोनवर ते तिथे ३० दिवस राहतात, गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले ६० दिवस.

जे ठेवायचे ते तारखेच्या नावाने ठेवा आणि सोबत चार शब्दांची नोंद: फोनची उंची, अंतर, झूम, खिडकी कुठल्या बाजूला. दर महिन्याला त्याच वेळी, त्याच पट्ट्यांवर. मग दोन फोटो शेजारी ठेवून बघायला दोन मिनिटं लागतात.